झोपलेल्या कंदाला पाणी

माझ्या तोंडातनं आजवर शंभरएक माणसांचे आवाज निघालेत — एसटीचा कंडक्टर, आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर, गुळाच्या सौद्यात पुकारा करणारा अडत्या, रेडिओवर बातम्या सांगणारी बाई. पण ही गोष्ट यातल्या एकाबी आवाजात निघाली न्हाय. आईला सांगितली न्हाय, बायकोला न्हाय. एकदा उरसात पीरापुढं हात पसरून उभा राहिलो, म्हटलं इथं तरी बोलू — तिथंबी फूल वाहून माघारी आलो. नऊ वर्षं झाली. आज तुला सांगतोय. तुलाच का? ते मलाबी धड सांगता यायचं न्हाय. बस जरा. मधी मधी हसवीन, ती माझी खोड हाय. पण हसण्यासारखं किती हाय ते तूच बघ.

मी दस्तगीर. कुरुंदवाडचा. धंदा बांगड्यांचा. वडलांचे गुडघे गेले नि पेटी माझ्या खांद्यावर आली. मी नुकताच मॅट्रिक झालतो, तोंड चालू, हात हलका. कोल्हापुरात चुलत्याच्या खोलीत कोपऱ्यात अंथरूण टाकायचं, सकाळची एसटी धरायची नि खेड्यापाड्याचे बाजार करायचे. बांगडी भरताना बाईचा हात दाबावा लागतो, दुखतंय की तिला! तवा तिला हसवायचं. सासूला सुनेचा आवाज काढून दाखवायचा, सुनेला सासूचा. हसता हसता हात सैल पडला की बांगडी मनगटात. लोकांना वाटायचं पोरगं गमत्या हाय. गमत्या कसला? नक्कल माझं अवजार होतं, सुताराचा रंधा असतोय तसं.

आठवड्यातनं एकदा गगनबावड्याचा बाजार. पावसाळ्यात तिथं गिऱ्हाईक कमी नि धुकं जास्त. एसटीला वेळ असला की मी पेटी हॉटेलात ठेवून घाटाच्या कडंनं हिंडायचो. तिथंच मला झाडांचा नाद लागला. तू बागवाला असशील तर कान दे — गुलाब, शेवंती, क्रोटन कुणीबी लावतंय. घाटात काय काय हाय ते बघितलंस तर कुंड्या फोडशील. सापकांदा बघ. पावसाच्या सुरवातीला मातीतनं एकदम पांढरा फणा काढून उभा राहतो. पहिल्यांदा बघितला तवा मी चार पावलं मागं उडी मारलती, नि वर त्याला सलामबी केलता. कळलावी बघ — पानाच्या टोकाला आकडा, मिळंल त्याला धरून वर चढती, फूल पिवळं उमलतंय नि लाल होत जातंय. लई देखणी. पण कंद पोटात गेला की माणूस गेला. आमरी, ऑर्किड म्हणतात ती, दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसून वाऱ्यावर जगती. तिची कीव येऊन कुणी मुळं मातीत गाडली तर मरती बिचारी.

नि मग कंदील.

कंदीलफूल म्हणतात त्याला. कड्याच्या उतारावर, गवताच्या काडीएवढा वेल. मला तो गवतच वाटलता. मग फूल दिसलं. दीड पेराएवढं. खाली फुगीर, वर निमुळती नळी, नि नळीच्या तोंडावर पाच पट्ट्या वर जाऊन टोकाला जुळलेल्या — कंदिलाच्या तारा असतात बघ, तशा. फिकट पिवळं, आतनं जांभळे ठिपके. त्याच्या नळीत केस असतात, खाली वळलेले. बारकी माशी वासानं आत शिरती, तिला परत फिरता येत न्हाय. एक-दोन दिवसांनी केस सुकतात, मग फूल तिला सोडून देतंय. मी तिथं गुडघ्यावर बसून बघत राहिलो नि एसटी गेली. उठताना पाय घसरला. एक करवंदीची जाळी हाताला लागली म्हणून आज तुझ्याशी बोलतोय.

तीन वेल होते तिथं. त्यातला एक मी मातीच्या ढेपळासकट काढून डालड्याच्या डब्यात घातला. दोन ठेवले. हे दोन ध्यानात ठेव. न्हाय ठेवलंस तरी मी सांगीनच.

आता असलं झाड ठेवायचं कुठं? चुलत्याच्या खोलीत उन्हाची तिरीपबी येत न्हवती. म्हणून मी ते बापूसाहेबांकडं नेलं.

बापूसाहेब सरकारी कचेरीतनं मोठ्या हुद्द्यावरनं रिटायर झालेले. रंकाळ्याच्या अलीकडं त्यांचा बंगला, भोवती छातीएवढं मेंदीचं कुंपण, आत नुसत्या कुंड्याच कुंड्या. बायको मागंच वारलेली, पोरगा पुण्याला. घरात ते नि त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्का तरण्यापणीच विधवा होऊन भावाकडं आलेल्या. वहिनी गेल्यावर सगळं घर त्यांच्या हातावर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा — कोठी, कपाट, देवघर. त्या चालल्या की जुडगा वाजायचा. त्या घरात त्यांच्या हक्काचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मी आधीपासनं तिथं जायचो. घाटातनं काही सापडलं की बापूसाहेबांना नेऊन द्यायचं, ते खुर्चीत बसून बघायचे, पुस्तकात शोधायचे, नि मला व्हरांड्याच्या पायरीवर चहा मिळायचा. कान तुटलेला एक कप माझ्यासाठी वेगळा होता. त्याचं मला काही वाटायचं न्हाय — खोटं कशाला बोलू, वाटायचं. पण चहा अक्का करायच्या, नि तो चांगला असायचा.

अक्कांना माझ्या नकला लई आवडायच्या. पदर तोंडात कोंबून हसायच्या, डोळ्यांतनं पाणी काढायच्या. माझी पेटी उघडायला लावायच्या. एखादी हिरवी बांगडी घेऊन उन्हात धरायच्या, फिरवून बघायच्या, नि परत जागच्या जागी ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, "सगळ्यांची करतोस, आमच्या बापूची येते का रे?"

मी म्हटलं, "न्हाय अक्का, साहेबांची न्हाय येत."

तवा ते खरं होतं.

त्या वर्षी गणपती उठल्यावर बागवाल्यांचं प्रदर्शन भरलं, एका शाळेच्या हॉलात. मी नवा शर्ट घालून, केसाला तेल लावून गेलो. माझा कंदील मधल्या टेबलावर, डालड्याच्या डब्यातनं पितळेच्या कुंडीत गेलेला, नि पुढं पहिल्या नंबरचा चांदीचा कप. तिथं रीत अशी, की प्रत्येक झाडापुढं चिठ्ठी लावायची — झाडाचं नाव, मालकाचं नाव, नि कुठनं मिळवलं. मालकाच्या ठिकाणी बापूसाहेब. ते चालतंय, कुंडी त्यांची, बाग त्यांची. पण तिसरी ओळ? त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलतं — 'स्वतः शोधून'.

एका कॉलेजचे प्रोफेसर वाकून भिंगातनं बघत होते. म्हणाले, हा प्रकार अजून कुणी नोंदवलेला नसेलबी, आता बहर सरत आलाय, पुढच्या ऑगस्टात ताजा फुलला की मी मुद्दाम येतो, कागदावर घेऊ. बापूसाहेब फुगले. एका बाईनं विचारलं, कुठं सापडलं हो? नि बापूसाहेब सांगायला लागले — "हं— गगनबावड्याच्या कड्यावर. पाय घसरला. करवंदीची जाळी हाती लागली म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे."

माझा पाय! माझी जाळी! पायरीवर चहा पिता पिता मीच सांगितलेली गोष्ट, शब्दाला शब्द. नकला मी करतो म्हणतात, नि हे काय होतं?

मी हसत हसतच म्हटलं, "साहेब, घसरलतो मी न्हवं का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बापूसाहेबांचा चेहरा एक क्षण पडला — तो क्षण मी अजून जपून ठेवलाय — नि मग ते मोठ्यानं हसले. "हं— हा आमचा बांगडीवाला. अधूनमधून पालापाचोळा आणून टाकतो. पण नकला काय करतो! दस्तगीर, ती माकडाची दाखव बरं यांना. या, या, इकडे या सगळे."

नि मी काय केलं असंल, काय वाटतं तुला? टेबल उलथं केलं? बोललो चार शब्द? मर्दा, मी माकड केलं. कुणीतरी माइक पुढं सरकवला. मी काख खाजवली, टेबलाच्या पायाच्या उवा काढून खाल्ल्या, चांदीचा कप उचलून वास घेतला नि नाक मुरडून ठेवला. हॉल टाळ्यांनी दणाणला. बापूसाहेबांनी माझ्या तळहातावर पेढा ठेवला. मी तोबी माकडासारखाच खाल्ला, दोन्ही हातांनी. त्यावर परत टाळ्या.

घरी जाताना रंकाळ्यावर थांबलो नि तोंडात बोट घालून तो पेढा ओकून टाकला.

त्या दिवसापासनं मी एकच काम केलं. बापूसाहेबांचा आवाज. नाकातनं येणारा, वाक्याच्या आधी 'हं—', नि शेवटचा शब्द थोडा ओढून सोडायचा, दोर सोडावा तसा. रंकाळ्याच्या काठावर म्हशी डुंबायच्या, त्यांच्यापुढं मी सराव करायचो. "हं— काय गंऽ, पाणी थंड आहे काऽ?" म्हशी काय, ढिम्म. मग एके दिवशी एका म्हशीनं दचकून मान वर केली. जमला. तिला कचेरीतलं कुणी बोलावतंय असं वाटलं असंल.

पण आवाज घेऊन करायचं काय, ते ठरलेलं न्हवतं. ते झाडानंच शिकवलं.

हे नीट ऐक, सगळी गोष्ट यावर हाय. कंदील दिवाळीनंतर वाळतो. वेल काडी होऊन गळून पडतो, कुंडीत नुसती माती दिसती. मेला असं वाटतं, पण मेलेला न्हाय. खाली चपट्या बटाट्याएवढा कंद असतो, तो झोपलेला असतो. जून येईपर्यंत त्याला पाणी नको. थेंब नको. सावलीत, पत्र्याखाली, कोरडा ठणठणीत ठेवायचा. झोपेत पाणी दिलं की कंद नासतो, आतल्या आत, नि वरनं काहीच कळत न्हाय. बाकी झाडं माणूस पाणी न घालून मारतो. हे झाड घालून मरतंय.

हे बापूसाहेबांना मीच सांगितलतं. त्यांनी अक्कांना बजावलतं — त्या कोपऱ्यातल्या कुंडीला हात लावायचा न्हाय. अक्का सगळ्या बागेला पाणी घालायच्या, नि तिथं आल्या की तांब्या मागं घ्यायच्या. जणू पाळण्यात पोर निजलंय.

बापूसाहेबांना एक सवय होती. बाहेर निघाले की गेटाबाहेर पडल्यावर त्यांना काहीतरी आठवायचं, नि ते परत न येता कुंपणापलीकडनंच ओरडायचे. "हं— अक्का! दूधवाल्याला नाही म्हणून सांऽग!" दिसायचे न्हाईत, मेंदीच्या वरनं आवाज तेवढा यायचा. नि अक्का आतनं "बरं" म्हणायच्या. रोजचं होतं ते. गल्लीतल्या कुत्र्यांनाबी ठाऊक.

एप्रिलच्या अखेरीला ते महिनाभर पुण्याला पोराकडं निघाले. मला माहीत होतं, कारण अक्कांनीच सांगितलतं. सकाळी टांगा आला, ट्रंक चढली, बापूसाहेब बसले, टांगा वळणावरनं गेला. मी गल्लीच्या तोंडाशी पेटी घेऊन उभा होतो. घोड्याच्या टापा ऐकू येईनाशा झाल्या तसा कुंपणाशी आलो, खाली वाकलो.

छाती कशी वाजत होती म्हणू? वाजत न्हवती. खोटं सांगणार न्हाय. हात थंड, डोकं थंड, मजा येत होती.

"हं— अक्का! त्या कोपऱ्यातल्या कुंडीला आता रोज तांब्याभर पाणी घालत जाऽ. विसरू नकोऽस!"

आत किल्ल्यांचा जुडगा वाजला. अक्का पाण्याच्या हौदापाशी असाव्यात. "त्या कंदिलाच्या?" असा त्यांचा आवाज आला. "नको म्हणाला होतास ना?"

"हं— आता हवंय. टांगा थांबलाय माझाऽ."

"बरं," अक्का म्हणाल्या.

एवढंच. चार वाक्यं. इतका चांगला आवाज मी त्याच्या आधी कधी काढला न्हाय, नि नंतरबी न्हाय. कौतुक करायला मात्र तिथं कुणी न्हवतं.

इथं थांबलो असतो तर कदाचित मी तुला हे हसत सांगितलं असतं. एक दुपारचा राग, एक वाह्यातपणा. पण महिना मोठा असतो. आठ दिवसांनी मी तिथं गेलो. अक्कांनी चहा दिला — साहेब नसले की चांगल्या कपात द्यायच्या, हे तुला सांगितलंच न्हाय. मी त्या कोपऱ्याकडं बघितलं. माती काळी, ओली. अक्का म्हणाल्या, "दस्तगीर, तुला यातलं कळतं. बापू आधी नको म्हणाला, मग जाता जाता घाल म्हणाला. माझ्या मनाला काही पटत नाही बघ. घालू का?"

त्यांनी विचारलं, मर्दा. सरळ विचारलं. आठ दिवसांत कंद काय लगेच नासत न्हाय. कुंडी उन्हात ठेवून वाळवली असती तर वाचला असता. माझंच झाड होतं ते. जगात त्याला हात लावलेला पहिला माणूस मी होतो. नि माझ्या डोळ्यापुढं काय आलं? तळहातावरचा पेढा.

"साहेबांनी सांगितलंय न्हवं?" मी म्हटलं. "मग घाला की."

नि चहाचा कप धुऊन ठेवला.

मे संपता संपता बापूसाहेब परत आले. मी मुद्दाम त्याच सकाळी गेलो. बघायला. मला ते बघायचंच होतं, ते चुकवायचं न्हवतं. त्यांनी कुंडीला हात लावला, नि हात तसाच राहिला. कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली. ओल्या मातीचा गोळा पडला, त्याच्या पोटात तपकिरी रबडी, नि घाण वास. बापूसाहेब पायरीवर बसले — माझ्या जागेवर — नि त्यांच्या तोंडातनं 'हं'सुद्धा निघंना. लई गोड वाटलं मला. आजबी तो चेहरा आठवला की गोड वाटतं. वाटू नये का? वाटतंय त्याला काय करू?

मग त्यांनी विचारलं, "पाणी कुणी घातलं?"

अक्का म्हणाल्या, "मी. तूच सांगितलंस की. निघालास त्या दिवशी, कुंपणाबाहेरून."

"मी? मी टांग्यात बसलो तो थेट स्टँडवर उतरलो."

"अरे, मी विचारलंसुद्धा तुला. आता हवंय म्हणालास. टांगा थांबलाय म्हणालास."

"अक्का, खोटं बोलायचं तर जरा पटेल असं बोल."

"देवाशपथ, बापू."

टांगेवाल्याला बोलावून आणलं. तो बिचारा खरं तेच म्हणाला — वाटेत कुठं थांबलो न्हाय साहेब. अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. मग भावाकडं. मग माझ्याकडं. मी कुंडीकडं बघत होतो.

मी हे ठरवलं न्हवतं. खरंच न्हवतं — पण ठरवलं न्हवतं म्हणून काय? बाण मी बापूसाहेबांवर सोडलता. मधी कोण उभं हाय ते मला काय दिसत न्हवतं? अक्कांच्याच तोंडातनं 'बरं' काढून घेतलं मी. त्यांच्याच हातानं पाणी घालायला लावलं. नि म्हणे ठरवलं न्हवतं.

बापूसाहेबांनी आरडाओरडा केला न्हाय. त्यांनी त्यापेक्षा वाईट केलं. आल्यागेल्याला हळू आवाजात सांगायला लागले, अक्काला भास होतात. वयच आहे. नि एके दिवशी म्हणाले, मी पायरीवरच होतो तवा, "आज पाणी घाल असं ऐकू आलं, उद्या रॉकेल ओत असं ऐकू येईल." दुसऱ्या दिवसापासनं स्वयंपाकाला बाई ठेवली. अक्कांनी चुलीपाशी जायचं न्हाय. नि किल्ल्यांचा जुडगा कमरेवरनं काढून घेतला, त्या बाईला दिला. अक्का चालल्या तर आता काही वाजायचं न्हाय. त्या आल्या कधी नि गेल्या कधी ते कळायचंच न्हाय.

जूनच्या एका दुपारी बापूसाहेब झोपले असताना अक्का माझ्यापाशी पायरीवर येऊन बसल्या. आधी कधी बसल्या न्हवत्या. म्हणाल्या, "दस्तगीर, बापूचा आवाज तुला येत नाही म्हणाला होतास ना?"

मी पेटीची कडी लावायला लागलो.

"येत असेल तर सांग. मी रागावणार नाही, कुणाला सांगणार नाही. मला बरंच वाटेल रे." त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे असं तरी होईल."

कळतंय का तुला काय मागत होत्या त्या? माफी मीच मागायची, नि त्या आधीच देऊन बसल्यावत्या. एक शब्द टाकायचा होता. 'व्हय.' पुढचं सगळं बंद झालं असतं — निदान त्यांच्या डोक्यातलं तरी.

मला काय वाटलं? भीती वाटली. बापूसाहेब पोलिसात देतील, चुलता खोलीतनं काढंल, बाजारात बायका हात पुढं करायच्या न्हाईत. नि खोलवर — हे सांगायला लाज वाटती — खोलवर असंबी वाटलं, की 'व्हय' म्हटलं तर बापूसाहेब सुटतील. त्यांच्या घरातली घाण माझ्या अंगावर येईल, नि ते परत त्या हॉलात उभे राहून सांगतील, बघा, माकडच ते. ते मला नको होतं. त्यांनी आपल्या बहिणीला वेडी म्हणत राहावं, नि हे घर असंच आंबत राहावं, असं मला पाहिजे होतं.

"न्हाय अक्का," मी म्हटलं. "साहेबांचा आवाज मला कधी जमलाच न्हाय."

त्या "बरं" म्हणाल्या. कुंपणाआडच्या आवाजाला म्हणाल्या होत्या अगदी तस्सं.

आता ते दोन वेल. जुलैत बापूसाहेबांनी मला खुर्चीवर बसवलं — खुर्चीवर! — नि म्हणाले, "ऑगस्टात प्रोफेसर येणार. दुसरा एखादा मिळेल का बघ. तुझं नाव घालू चिठ्ठीवर." कड्यावर दोन्ही वेल तवा हातभर वाढलेवते, मी आदल्याच आठवड्यात बघून आलतो. एक आणून दिला असता तर राग निवला असता, जुडगा कदाचित परत मिळाला असता. मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "लई हिंडलो साहेब. सापडंना." प्रोफेसर आले, रिकामी कुंडी बघितली, चहा पिऊन गेले. मी पलीकडच्या गल्लीतनं त्यांना जाताना बघितलं नि दिवसभर शीळ घालत हिंडलो. आता बापूसाहेब फक्त क्रोटन लावतात म्हणे.

दिवाळीच्या आधी मिरजेचा, सासरकडचा पुतण्या येऊन अक्कांना घेऊन गेला. हवापालट म्हणून. एक ट्रंक, एक वळकटी. परत आल्या न्हाईत.

गेल्या वर्षी मी मिरजेला गेलतो. पेटी घेऊनच गेलो, बिनपेटीचं कुणाच्या दारात जायची सवय न्हाय मला. दारातनं "अक्का!" अशी हाक मारली. आत हालचाल झाली, पण ओ आली न्हाय. बऱ्याच वेळानं त्या दारात आल्या, बारीक झालेल्या. माझ्या तोंडाकडं बघितलं. पुतण्याची बायको मागनं म्हणाली, "त्यांचं असंच आहे. हाक मारली तर ओ देत नाहीत. आधी येऊन माणूस बघतात, मग बोलतात."

मी म्हटलं, "अक्का, मी दस्तगीर."

त्या माझ्या ओठांकडं बघत होत्या. ओठ हलून थांबले तरी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तूच बोललास ना आत्ता?"

"व्हय," मी म्हटलं.

ते एवढंच 'व्हय' निघालं माझ्याकडनं. बाकीचं सांगायला गेलतो, ते सांगितलं न्हाय. पुतण्याच्या बायकोला बांगड्या भरल्या. ती हात आखडत होती, मी एक शब्द बोललो न्हाय, दोन बांगड्या फुटल्या. अक्का उंबऱ्यापाशी बसून, मी निघेपर्यंत, माझं तोंड बघत होत्या.